कढीपत्त्याच्या कुंडीतलं जंगल (उलट्या लेन्सची मॅक्रो फोटोग्राफी)

बाल्कनीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, तेव्हा सांभाळून घ्या.

जूनमधली गोष्ट. बायको फोडणीसाठी कढीपत्ता तोडायला बाल्कनीत गेली आणि तिथूनच ओरडली. पानावर पक्ष्याची शिट पडली होती आणि ती शिट चालत होती! मी चष्मा लावून बघितलं तर सुरवंट. काळपट तपकिरी, मधे पांढरा पट्टा, वरून ओलसर चकाकी. कोणताही शहाणा पक्षी त्याला तोंड लावणार नाही. नंतर शोधाशोध केल्यावर कळलं की हे 'कॉमन मॉर्मन' फुलपाखराचं बाळ. लिंबू, कढीपत्ता या कुळातल्या झाडांवर वाढतं. चार कातींपर्यंत शिटेचं सोंग घेतं, मग शेवटच्या टप्प्यात अंगावरचे कपडे बदलावेत तसं एका रात्रीत हिरवंगार होतं.

मुलीच्या बारशानंतर कपाटात पडलेला डीएसएलआर काढला. कॅमेरा कॅननचा, सोबत १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएमची एफ/१.८. फोटो काढला तर सुरवंट म्हणजे पानावरचा एक ठिपका. मॅक्रो (बारीक गोष्टी मोठ्या टिपणाऱ्या) लेन्सच्या किमती बघितल्या आणि कॅमेरा परत कपाटात ठेवायला निघालो होतो. तेवढ्यात ऑफिसमधल्या एका मित्राने सांगितलं, "अरे, ५०ची लेन्स काढ आणि उलटी धर."

खरंच उलटी धरली. हाताने. लेन्सचं पुढचं तोंड कॅमेऱ्याकडे, मागचं सुरवंटाकडे. आणि व्ह्यूफाइंडरमध्ये जे दिसलं ते बघून मी दहा मिनिटं फोटो काढायचंच विसरलो.

पुढे लेन्स उलटी बसवायची रिव्हर्स रिंग मागवली (चार-पाचशे रुपयांत येते, फक्त लेन्सच्या फिल्टरचा आकार बघून घ्या). आता ५० एमएम उलटी लावली की साधारण एकास एक मिळतं. म्हणजे दहा मिलिमीटरचा किडा सेन्सरवरही दहा मिलिमीटरचाच उमटतो. किट लेन्स उलटी लावून १८वर नेली की तिपटीच्या आसपास. झूमचा हिशोब इथे उलटा होतो, १८ला जास्त मोठं आणि ५५ला कमी, हे डोक्यात बसायला मला दोन दिवस लागले.

अडचणी सांगतो, कारण मजा तिथेच आहे.

एक, उलट्या लेन्सचा कॅमेऱ्याशी विजेचा संबंध तुटतो, त्यामुळे अॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक) सताड उघडं राहतं. त्यावर युक्ती अशी: लेन्स आधी सरळ लावायची, एफ/११ ठेवायचं (आकडा मोठा तितकं भोक लहान), डेप्थ प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरायचं आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढायची. पाती तिथेच अडकून राहतात. मग उलटी लावा. व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, म्हणून फोकससाठी शेजारी छोटी टॉर्च.

दोन, डेप्थ. एकास एकला एफ/११वर जेमतेम एक मिलिमीटरची पट्टी स्पष्ट येते. डोळा मिळाला तर पाय गेले, पाय मिळाले तर डोळा गेला. ऑटोफोकस नाहीच, असता तरी उपयोग नव्हता. फोकसची रिंगही फिरवायची नाही. आपणच श्वास रोखून केसभर पुढे-मागे डुलायचं आणि डोळा चमकला की क्लिक. पन्नासात दोन फोटो बरे येतात. (बायकोच्या मते मी संध्याकाळी बाल्कनीत नमाज आणि सूर्यनमस्कार यांच्यामधलं काहीतरी करतो.)

तीन, वारा. आम्ही सातव्या मजल्यावर. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू असला तरी पान हलतं. कुंडीत बांबूची काडी खोचली, तिला कपड्यांचा चिमटा तारेने बांधला आणि चिमट्यात फांदी. आता फांदी हलत नाही, फक्त मी हलतो.

चार, उजेड. नुसता फ्लॅश मारला की सुरवंट स्टीलच्या भांड्यासारखा चमकतो. आइसक्रीमच्या फॅमिली पॅकचा पांढरा डबा कापून फ्लॅशवर बसवला. प्रकाश मऊ झाला. दिसायला भयंकर आहे, सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, हे काय मोजायचं मशीन?"

प्रचि (प्रकाशचित्र) १ अंडं (पिवळसर मोती, जेमतेम मिलिमीटरभर). प्रचि २ ते ६ सुरवंट. प्रचि ५ मध्ये डोक्यामागून निघालेली दोन शिंगं बघा. काडीने हलकं डिवचलं की हा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. प्रचि ७ बोनस, मे महिन्यात गावी देवगडला कलमावर काढलेला ओंबील, म्हणजे तांबडी झाडमुंगी.

चुका जरूर सांगा.

---

फोडणीपुरता

प्रचि दिसतायत, छान आहेत. पण मूळ प्रश्नाचं काय झालं? त्या दिवशी फोडणीत काय पडलं?

---

बाल्कनीकर

@फोडणीपुरता, हिंग-मोहरी. तेव्हापासून कढीपत्ता भाजीवाल्याकडून येतो आणि घरचं झाड पाहुण्यांसाठी राखीव आहे.

---

सोनटक्का

बाल्कनीकर, पहिल्या धाग्यासाठी फारच छान. प्रचि ३ मधला डोळा नेमका मिळालाय. आता तुम्हीच म्हणालात म्हणून चुका.

प्रचि ४ आणि ६ मऊ आलेत. तुम्हाला वाटत असेल हात हलला. नाही. तुम्ही किट लेन्स १८वर उलटी लावलीत आणि एफ/११ ठेवलंत, बरोबर? मोठेपणा वाढला की लेन्सवर लिहिलेला एफ आकडा खरा राहत नाही. ढोबळ हिशोब असा: लिहिलेला आकडा गुणिले (१ + मोठेपणा). एकास एकला एफ/११ म्हणजे प्रत्यक्षात एफ/२२. तिपटीला तोच एफ/४४ होतो. एवढ्या बारीक भोकातून प्रकाश विखुरतो आणि सगळाच फोटो धुक्यात गेल्यासारखा दिसतो. तिपटीला एफ/५.६ वर या. डेप्थ आणखी कमी होईल, पण जे मिळेल ते कोरीव मिळेल.

डेप्थ हवीच असेल तर स्टॅकिंग करा. किडा झोपलेला असताना किंवा अंड्याचे, केसभर सरकत पंधरा-वीस फोटो घ्यायचे आणि हेलिकॉन किंवा झिरीन यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे. चालणाऱ्या सुरवंटावर हा प्रयोग करू नका, त्याला चाळीस पाय येतील.

आणखी एक: डावा हात कॅमेऱ्याखाली ठेवू नका. डाव्या हाताच्या बोटांत फांदी धरा आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवा. मग किडा आणि कॅमेरा दोघेही एकत्रच हलतात. तुमचा चिमटा बाल्कनीत ठीक आहे, वेताळ टेकडीवर कुठे खोचणार?

मी रोलच्या जमान्यात बेलोज (कॅमेरा आणि लेन्सच्या मधला घडीचा भाता) लावून हे करायचे. छत्तीस फोटोंचा रोल, धुऊन यायला चार दिवस, आणि त्यात एक बरा निघाला की आठवडाभर घरात सण. तुम्ही लोक पन्नासात दोन म्हणून रडता.

---

आठपायी

प्रचि ७ साठी खास लॉगिन केलं.

बाल्कनीकर, तुमच्या मुंगीचे पाय मोजा.

---

बाल्कनीकर

सहा. आणि दोन मिशा.

---

आठपायी

परत मोजा. त्या 'मिशा' कुठून निघाल्यात ते झूम करून बघा. मुंगीच्या मिशा डोक्यातून निघतात आणि मधे कोपरासारख्या वाकतात. तुमच्या फोटोत त्या पायांच्या रांगेतून निघाल्यात आणि सरळ आहेत. ते पुढचे दोन पाय आहेत, वर उचलून मिशांसारखे हलवलेले. आता डोकं बघा. समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे. मुंगीला असे नसतात.

अभिनंदन, हा कोळी आहे. उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, मिर्माप्लाटा प्लाटालिऑयडिस. ओंबिलांची हुबेहूब नक्कल करतो. कोळ्याच्या शरीराचे भाग दोनच, पण याच्या पुढच्या भागाला मधे अशी खाच असते की ते तीन वाटावेत. ओंबिलांच्या आसपास राहतो पण त्यांच्या वाटेला जात नाही. त्या चावऱ्या मुंग्यांच्या नादी सहसा कोणी लागत नाही, त्या धाकाचा फायदा याला फुकटात मिळतो. नर असेल तर जबडे एवढे लांब की मुंगीने तोंडात दुसरी मुंगी धरलीय असं वाटतं. तुमची मादी आहे.

पुढच्या वेळी खात्री करायची तर पान हलकेच हलवा. कोळी असेल तर रेशमाच्या धाग्याला लोंबकळेल.

---

बाल्कनीकर

अरे देवा. आठ!! मे महिन्यापासून हा फोटो माझ्या लॅपटॉपचा वॉलपेपर आहे. रोज बघतोय. काकांच्या कलमावर लहानपणापासून 'हुमले चावतत' म्हणून लांब पळालो, त्यातले किती कोळी असतील कोण जाणे.

---

मधली_आळी

आठपायी, जबरदस्त. बाय द वे, उड्या मारणाऱ्या कोळ्यांवरून आठवलं, तुकाराम ओंबळेंचं नाव दिलेला कोळी यातलाच ना?

---

आठपायी

हो. इशियस तुकारामी. २०२१ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालं, ठाणे-कल्याण भागातूनच. काही मिलिमीटरचा जीव आहे. म्हणजे बाल्कनीकरांच्या घरापासून फार लांब नाही. माणसांनी भरलेल्या पट्ट्यात २०२१ पर्यंत त्याला नाव नव्हतं, यावरून काय ते समजा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की फोटो नुसते इन्स्टावर टाकू नका, ठिकाण आणि तारखेसकट आयनॅचरलिस्टवर (सजीवांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) चढवा. एक वरून, एक बाजूने, एक चेहऱ्याचा. कलात्मक धूसर फोटोवरून प्रजाती ओळखता येत नाही.

---

उसाचा_फड

मी काही फोटोग्राफर नाही. सांगली जिल्ह्यात ऊस आणि वीस गुंठे मिरची. मोबाईलला लावायची चिमट्याची लेन्स घेतली आहे, तीनशेला. तिचं काम तुमच्या फोटोंइतकं देखणं नाही पण माझे पैसे तिने केव्हाच फेडले.

मिरचीचं पान वळलं की दुकानदार एकच बाटली हातात देतो. पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलं तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला उलट्या होडीसारखं वळलं तर कोळी (वरचा उड्या मारणारा नव्हे, पिकावरची बारीक कीड). पण दोन्ही एकत्र असले की नुसत्या डोळ्याला कळत नाही. पान उलटं करून लेन्स लावायची. फुलकिडा लांबट, जिऱ्याच्या तुकड्यासारखा पळतो. कोळी बारीक गोल, काचेसारखा, आणि मोजता आले तर पाय आठ (वरच्या चर्चेमुळे आता मोजणार!). फुलकिड्याच्या बऱ्याच औषधांनी कोळी मरत नाही, त्याला कोळीनाशकच लागतं. चुकीची फवारणी केली की पैसे जातात, आणि कोळी खाणारे मित्रकीटक मेले की कोळी उलट वाढतो.

दुसरं. ट्रायकोकार्ड माहीत आहे का? पोस्टकार्डासारखा पुठ्ठा, त्यावर पतंगाची साधारण वीस हजार अंडी चिकटवलेली आणि प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीची चुलत बहीण. पट्ट्या कापून उसाच्या पानाला लावायच्या. ती बाहेर पडून खोडकिड्याच्या अंड्यात अंडी घालते. लांबी अर्धा मिलिमीटर. मी पाच वर्षं कार्ड लावत होतो, माशी कधी दिसली नव्हती. मागच्या वर्षी कार्डावर लेन्स लावून बसलो. काळ्या पडलेल्या अंड्याला भोक पडलं, आणि लाल डोळ्यांची पिवळसर माशी बाहेर येऊन पंख पुसत बसली. पोराला हाक मारली. त्याने शाळेत जाऊन सांगितलं, बाईंना खोटं वाटलं. व्हिडिओ दाखवला.

२००२ साली आमच्याकडे लोकरी मावा आला तेव्हा असलं काही हातात नव्हतं. पानाच्या खालची बाजू कापूस पिंजल्यासारखी पांढरी. तेव्हा मावा खाणारी कोनोबाथ्राची अळी एका फडातून दुसऱ्या फडात पानासकट नेऊन सोडायचे. त्यातली मित्रअळी कुठली आणि शत्रू कुठला हे ओळखायला सगळं गाव एकाच भिंगावर.

---

सोनटक्का

उसाचा_फड, तुम्ही वेगळा धागा काढाच. आणि तो व्हिडिओ टाका.

---

टॅकशार्प

सगळ्यांचं ज्ञान उत्तम, पण सोपा उपाय कोणीच सांगत नाहीये. किडा डबीत घाला, पाच-दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. गारठला की हलत नाही. निवांत ट्रायपॉड लावून शंभर फोटोंचा स्टॅक घ्या. नंतर उन्हात ठेवला की उडून जातो. वरून स्प्रे मारला की दवबिंदू पण मिळतात. बाहेर ज्या फोटोंना बक्षिसं मिळतात ते कसे काढतात असं वाटतं तुम्हाला?

---

आठपायी

हे 'उडून जातो' नेहमीच खरं नसतं. गारठलेला किडा परत उबदार होईपर्यंत पळू शकत नाही, तेवढ्यात पहिली पाल किंवा मुंगी त्याला उचलते. तुम्ही तोवर फोटो एडिट करत असता. शिवाय फुलपाखरं आणि भुंग्यांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत. डबीत काय घातलंय हे न ओळखताच घालणार असाल तर अवघड आहे.

आणि फोटोवरून कळतंही. पाय आत ओढलेले, मिशा लोंबलेल्या, अंगावर फ्रीजमधून काढल्यावर येणारं बारीक बाष्प. मेलेल्या बेडकाला तारेने नाचवलेले फोटो बघायची सवय झालेल्यांना कळत नसेल, ते सोडा.

---

टॅकशार्प

लगेच कायदा. घरी झुरळाला चप्पल मारताना अनुसूची बघता का?

---

सोनटक्का

भांडू नका. टॅकशार्प, मी सांगते, कारण मी हे केलंय. पंचवीस वर्षांपूर्वी एक चतुर फ्रीजमध्ये ठेवला होता, कोणीतरी असंच सांगितलं म्हणून. फोन आला, बोलत बसले. आठवण झाली तेव्हा तासाभराने डबी उघडली. फोटो अप्रतिम आला, भिंतीवर लावला होता, मग काढून टाकला. लोकांनी 'किती जिवंत वाटतो' म्हटलं की काय उत्तर द्यायचं?

फ्रीजची गरजच नाही हो. डिसेंबर-जानेवारीत उजाडायच्या आत गवतात जा. चतुर, टाचण्या (चतुराच्या बारीक बहिणी), फुलपाखरं खऱ्या दवाने भिजून गारठलेली असतात, ऊन अंगावर येईपर्यंत हलत नाहीत. तेवढा अर्धा तास तुमचा. नाहीतर संध्याकाळी बघा, निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या (अॅमेजिला) वाळक्या काडीला जबड्याने चावून, पाय आखडून, ओळीने झोपतात. रोज बहुतेक त्याच काडीवर. आमच्या सोसायटीच्या कुंपणापाशी अकरा जणी, खरं तर अकरा जण, कारण असे उघड्यावर झोपणारे बहुधा नर असतात. स्टॅक घ्या हवा तेवढा.

मला जास्त राग येतो तो कासला. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेल्यापासून मॅक्रोवाल्यांची रांग. एक दवबिंदू (किडे खाणारी वनस्पती, बोटाएवढी) टिपायला गडी पोटावर आडवा, आणि त्याच्या पोटाखाली सीतेच्या आसवांचा अख्खा गालिचा. उठला की निळ्या फुलांचा चिखल.

---

फोडणीपुरता

सोनटक्काताई, 'फोन आला, बोलत बसले' ही डिस्पोजेबल कॅमेऱ्याच्या काळातली लँडलाइनची गोष्ट ना? आता कोणी बोलत बसत नाही, किडे सुरक्षित आहेत.

---

प्रेअरीतला_मराठी

इलिनॉयहून लिहितोय. २०२४च्या मे-जूनमध्ये इथे सतरा वर्षांचे आणि तेरा वर्षांचे सिकाडा (किर्र आवाज करणारे किडे) एकाच वर्षी जमिनीतून वर आले. हे दोन गट याआधी १८०३ मध्ये एकत्र आले होते. फ्रीज, ट्रायपॉड, कशाचीही गरज नाही, तुम्ही उभे राहिलात की तेच अंगावर बसतात. लाल डोळे, नारिंगी शिरांचे पंख. मी तोपर्यंत फक्त मुलांच्या वाढदिवसांचे फोटो काढायचो. झूम लेन्सच्या पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० नावाचं भिंग चिमट्याने अडकवलं. ५५-२५० लेन्सवर २५०ला दुप्पट मोठं दिसतं, आणि अॅपर्चर, ऑटो एक्स्पोजर सगळं चालू राहतं. बाल्कनीकर, उलट्या लेन्सचा कंटाळा आला तर पुढची पायरी हीच घ्या. किड्यापासून चार-साडेचार इंच लांब राहता येतं. उलट्या लेन्सला जेमतेम दीड-दोन इंच मिळतात.

आवाजाचं सांगायचं राहिलं. बायकोला वाटलं शेजारी दिवसभर मिक्सर लावून ठेवतात.

---

मधली_आळी

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे रत्नागिरीला खरे किडे पावसाळ्यात. मृगाचे लाल मखमली किडे अंगणात येतात, दोन-चार दिवस दिसतात, संपले. (त्यांनाही पाय आठ, मोजले!) पण पावसात कॅमेरा बाहेर काढला की लेन्सला बुरशी. मागच्या श्रावणात माझ्या एकुलत्या एक लेन्सच्या आत कोळ्याचं जाळं विणल्यासारखी बुरशी आली. दुरुस्तीवाल्याने दोन महिने ठेवून घेतली आणि जशीच्या तशी परत दिली, वर तपासणीचे पैसे. काय करता तुम्ही लोक?

---

सोनटक्का

लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवत असाल तर आधी ती केस फेका, बुरशीचं माहेरघर आहे. घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिक डबा घ्या, धान्याचा चालेल. आत सिलिका जेल, रंग बदलणारं, आणि शे-दोनशेचं आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवा. फार कोरडंही करू नका, रबर आणि वंगण वाळतं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. (ती कढई वेगळी ठेवा.) आणि मुख्य म्हणजे लेन्स वापरत राहा. उजेड आणि हवा लागली की बुरशी कमी येते.

---

फोडणीपुरता

जेल परतताना मोहरी आधी की हिंग?

---

बाल्कनीकर

सगळ्यांचे आभार. एफ/५.६ वर आलो, फरक जमीन-अस्मानाचा. मनगटाची युक्तीही जमायला लागलीय.

एक बातमी द्यायची आहे. प्रचि ६ मधल्या हिरव्या सुरवंटाने मागच्या आठवड्यात बाल्कनीच्या गजाला कोष केला. कमरेभोवती रेशमाचा एक धागा, वीजवाले खांबावर चढताना पट्टा बांधतात तसा. मुलीने कॅलेंडरवर दहा दिवस खुणा केल्या. रोज शाळेतून आली की आधी कोष. काल काळा पडला, म्हणजे आतले पंख दिसायला लागले असं समजून मी रात्री फ्लॅशच्या बॅटऱ्या चार्ज केल्या, साडेपाचचा गजर लावला.

सकाळी बघतो तर कोषाला टाचणीएवढं भोक. त्यातून एक बारीक माशी बाहेर आली. मग दुसरी. मग मोजणं सोडलं. फुलपाखरू कधीच संपलं होतं, आत ह्यांचंच घर होतं. मुलगी रडली. मलाही खरं सांगायचं तर घशाशी आलं.

पण कॅमेरा हातात होता. १८ला उलटी लेन्स, एफ/५.६. प्रचि ८ ते १५ बघा. नुसत्या डोळ्याला काळी दिसणारी, दोन-अडीच मिलिमीटरची माशी, आणि अंग मोरपिसासारखं हिरवं, डोळे तांबडे. प्रचि १२ लहानगीने काढलाय, डोळे पुसून झाल्यावर.

---

उसाचा_फड

ही आमच्या ट्रायकोग्रामाचीच भावकी. ती अंड्यात शिरते, ही कोषात. प्रचि १२ सगळ्यांत भारी. लेकीला सांगा, तुझा हात बापापेक्षा स्थिर आहे.

---

आठपायी

१२ आणि १४ आयनॅचरलिस्टवर चढवा. रिकामा कोष टाकू नका, कापसात गुंडाळून डबीत ठेवा, वर तारीख आणि झाडाचं नाव लिहा. माश्या नेमक्या कुठल्या ते फोटोवरून सांगणं कठीण आहे, पण यजमान माहीत असणं हा मोठा धागा आहे.

---

फोडणीपुरता

वाईट वाटलं. पण म्हणजे आता झाड मोकळं? फोडणीला कढीपत्ता?

---

बाल्कनीकर

नाही. आज संध्याकाळी बायकोने वरच्या कोवळ्या पानामागे दोन पिवळे मोती शोधलेत. भिंग घेऊन तीच आधी गेली होती.